मुलगा कबमध्ये, आणि मदतीला आई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा दुसरीत आहे, सात वर्षांचा. घरात बडबड्या, पण चार माणसांत गेला की तुमच्या मागं लपतो. त्याच्या शाळेत यंदा कब पथक, म्हणजे स्काऊट-गाईडमधलं लहान मुलांचं पथक, सुरू होतंय. तुम्ही विचारलंय की तिथं नक्की काय करतात, का नुसता गणवेश घालून डावा-उजवा. सहलीला एकट्याला पाठवायचं का. आणि शाळेनं पालकांतून मदतनीस मागितलेत, पण ‘मला यातलं काही येत नाही, शिवाय दुकान सुटायला सात वाजतात’, मग मी नाव द्यावं का. मी कोल्हापुरातच प्राथमिक शाळेत शिकवते आणि २२ वर्षं कब-बुलबुलचं काम करतेय. तुमच्यासारख्या आया दर जूनमध्ये माझ्यासमोर उभ्या असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावांचं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये साधारण १० वर्षांपुढचे मुलगे स्काऊट आणि मुली गाईड. त्याआधी, ५ ते १० वयाचे मुलगे कब आणि मुली बुलबुल. त्याहूनही लहान असतील तर बनी. म्हणजे तुमचा मुलगा ‘छोटा स्काऊट’ नाही, तो कब आहे. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ शाळांत स्काऊटचाच अभ्यासक्रम पातळ करून लहानांना वाढतात आणि मग सात वर्षांचं पोर उन्हात ‘सावधान-विश्राम’ करत बसतं. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यानंतर धाकट्या भावांनीही ‘आम्हाला घ्या’ म्हणून धोशा लावला, पण मोठ्यांचं काम त्यांना झेपेना. म्हणून १९१६ मध्ये लहानांसाठी वेगळी शाखा निघाली आणि तिचा सगळा डोलारा मोगलीच्या गोष्टीवर उभा केला. आजही पथक चालवणाऱ्या कब मास्टरला मुलं ‘अकेला’ म्हणतात, म्हणजे त्या गोष्टीतला लांडग्यांचा म्होरक्या; मदतनीस ‘भालू’ नाहीतर ‘बगीरा’ होतात. म्हणजे पहिल्यापासूनच यात खेळ आणि गोष्ट आधी, शिस्त त्यांच्या पाठोपाठ.

आता शनिवारी काय होतं ते सांगते. आपल्याकडं शनिवारची शाळा सकाळची, ती सुटली की तास-सव्वा तास आमची सभा. झेंडा, प्रार्थना. मग सगळे गोल करून उकिडवे बसतात, हात जमिनीला टेकवतात आणि महागर्जना करतात. ही गर्जना पहिल्यांदा ऐकली की पालक दचकतात. ज्या मुलांना वर्गात दिवसभर ‘हळू बोल’ ऐकावं लागतं, त्यांना आठवड्यातून एकदा घशाच्या शिरा ताणून ओरडायची परवानगी मिळते, याचं मोल मुलांचे चेहरे बघितल्याशिवाय कळत नाही. मग नखं-दात-रुमाल तपासणी, एक खेळ, एक शिकायची गोष्ट, पुन्हा खेळ, एखादं गाणं, शेवटी गोष्ट. कुठलीही गोष्ट दहा मिनिटांच्या वर ताणायची नाही. या वयात लक्ष तेवढंच टिकतं, आणि कंटाळलेलं मूल शेजारच्याला ढोसायला लागतं.

पथकात जास्तीत जास्त २४ मुलं घ्यायची आणि त्यांचे सहा-सहांचे गट करायचे. गटाला सिक्स म्हणतात, प्रमुखाला सिक्सर. नियम दोनच: मोठ्यांचा मान राखायचा, आणि स्वच्छ व विनयानं राहायचं. वचन असतं त्यात देव, देश आणि रोज कुणाचं तरी एक भलं करण्याची गोष्ट येते. हात डाव्या हातानं मिळवायचा. यावर एका आजींनी माझ्याशी चांगलाच वाद घातला होता, ‘डावा हात कसला पुढं करता पोरांना!’ म्हणून. मी त्यांना म्हटलं, आजी, डावा हात काळजाच्या बाजूचा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग नातवाशी डाव्या हातानं हात मिळवून घरी गेल्या.

एवढ्यानं तुम्हाला चित्र कळणार नाही, म्हणून एकच गोष्ट जवळून दाखवते. स्कार्फ.

गळ्यातला स्कार्फ तिकोनी असतो. तो लांब बाजूकडून गुंडाळत टोकाकडं न्यायचा, टोकाला वीतभर कापड सुटं ठेवायचं, मग मानेमागून घेऊन पुढं दोन्ही बाजूंची टोकं वॉगलमधून, म्हणजे स्कार्फ अडकवायच्या कडीतून, ओवायची. सात वर्षांच्या मुलाला हे एकट्याला जमत नाही. मांडीवर घेतला तर घसरतो, टेबलावर ठेवला तर पीळ सुटतो. पण दोघांनी एकेक टोक ताणून धरलं आणि दोघांनी एकाच लयीत बोटं फिरवली की तो झरझर सुरळी होतो. पहिल्या महिन्यात दर शनिवारी पाच मिनिटं मी फक्त हेच करून घेते. बारा जोड्या समोरासमोर उभ्या असतात. ‘अरं वढ की!’ ‘मी वढलंय, तू ढिल्लं सोडलंस!’ असं चाललेलं असतं. आई घरूनच इस्त्री करून, गुंडाळून, पिन लावून देते तेव्हा स्कार्फ सुंदर दिसतो, पण ती पाच मिनिटं वाया जातात. वाकडातिकडा चालेल, पण जोडीदारानं आणि त्यानं गुंडाळलेला हवा. मला कब मुलांकडून जे हवंय ते सगळं या एका कापडात आहे: स्वतःच्या हातानं केलेलं, दुसऱ्याची मदत मागून केलेलं, आणि मोठ्या माणसानं मध्ये हात न घालता झालेलं.

गाठींचंही तसंच. रीफ नॉट ही पहिली गाठ, उजवं डाव्यावर आणि डावं उजव्यावर. एकाच रंगाच्या दोरीवर मुलांचा गोंधळ होतो, म्हणून मी एक दोरी लाल आणि एक पांढरी देते. माझ्या पथकात या गाठीचं नाव कधीच ‘तांबडा-पांढरा’ पडलंय. बरोबर बांधली तर गाठ सपाट बसते, चुकली तर आडवी वळते आणि ओढली की सरकते. म्हणजे बरोबर की चूक हे मी सांगायची गरजच नाही, दोरीच सांगते. मुलाला माझ्या तोंडाकडं बघावं लागत नाही. या वयासाठी मी अशाच गोष्टी शोधत असते. बी लावलं, उगवलं की नाही दिसतं. कोलांटउडी मारली, सरळ गेली की तिरकी ते अंगालाच कळतं. (ती शिकवायला एकदा तालमीतले वस्ताद आले होते. त्यांनी आधी लाल मातीला हात लावून नमस्कार करायला शिकवलं, मग मान कशी आत घ्यायची ते. त्या दिवशी वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोर अर्धा तास शहाण्यासारखं रांगेत उभं होतं.)

वर जाण्याच्या पायऱ्या आहेत: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय, चतुर्थ चरण आणि वर गोल्डन ॲरो. शिवाय माळीकाम, सायकल, प्रथमोपचार असे प्रावीण्याचे बॅज मिळवता येतात. बॅज चांगले आहेत, मुलांना छातीवर काहीतरी लावलेलं आवडतं. पण पालकांना मी एक विनवणी नेहमी करते: वही भरायची घाई करू नका. शेजारच्याचं द्वितीय चरण झालं, आमचं कधी, हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, मोठी माणसं विचारतात.

वर्गाबाहेरचं काम मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे आणि त्यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. टाउन हॉलच्या बागेत मोठमोठी झाडं आहेत. तिथं पानं गोळा करायची, कापडाखाली झाकायची, मिनिटभर दाखवून पुन्हा झाकायची आणि किती आठवतात ते सांगायचं. हा किम्स गेम. पानं झाडावरून तोडायची नाहीत, खाली पडलेलीच घ्यायची. रंकाळा तलावावर सकाळी गेलं की काठच्या गवतात वंचक बसलेला असतो. मातकट रंगाचा बगळा. बसला की दिसतच नाही. मुलांना सांगायचं, इथं एक पक्षी आहे, तीन मिनिटं न बोलता शोधा. पहिलं मिनिट चुळबूळ. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी कुणाचा तरी शर्ट ओढतं. आणि मग तो उडतो, आणि उडताना त्या मातकट पक्ष्याचे पंख एकदम पांढरेशुभ्र निघतात. चोवीस तोंडांतून एकच ‘आ’ निघतो. तो ‘आ’ ऐकायला मी इतकी वर्षं रंकाळ्यावर जातेय.

पन्हाळा २० किलोमीटरवर, म्हणून वर्षातून एकदा तिथं जातोच. तिथं मी मुलांना माहितीफलक वाचून दाखवत नाही. अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारात, तीन कोठ्या आहेत: गंगा, यमुना, सरस्वती. गंगा कोठी किती पावलांची, ते प्रत्येकानं आपल्या पावलांनी मोजायचं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि भांडण लागतं. मग कुणाचं पाऊल मोठं यावरून मापं का ठरवावी लागतात ते त्यांचं त्यांनाच कळतं. दुपारी सावलीत १६६० च्या वेढ्याची गोष्ट, सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसतो तिथं मी थांबते आणि विचारते, त्याला माहीत होतं का आपलं काय होणार ते? त्यानंतर जी शांतता पसरते ती मी मोडत नाही. तटाच्या कडेला आणि अंधारबाव नावाच्या विहिरीत मात्र या वयाच्या मुलांना मी नेत नाही. कुणी कितीही म्हटलं तरी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हीही बघितला असेल. आपल्या मुलांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ‘इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट’ तोंडपाठ असते, पावसाळ्यात घरोघरी तेच आकडे चालू असतात. पण ४३ फूट म्हणजे किती? आम्ही मैदानावर दोरी अंथरून ४३ फूट मोजले, ३९ वर फडकं बांधलं, आणि मुलं त्या दोरीवरून चालली. ३९ ते ४३ हे अंतर चार-पाच पावलांत संपतं. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, एवढंच?’ मी म्हटलं, एवढंच. म्हणून इशारा आला की मोठी माणसं आवराआवर करतात. त्या पुराच्या वेळी आमच्या मुलांनी काय केलं, हेही सांगते, कारण ‘सेवा’ म्हटलं की लोक लहानांना कुठंही उभं करतात. आमची मुलं पाण्याच्या आसपास फिरकलीसुद्धा नाहीत. मदतीला आलेल्या कपड्यांच्या ढिगातून लहान मुलांचे कपडे वेगळे काढणं, तीन वर्षांच्या बाळाला कुठला बसेल ते स्वतःच्या धाकट्या भावंडाच्या अंदाजानं ठरवणं, फाटका निघाला तर बाजूला टाकणं, एवढंच त्यांनी केलं. ‘फाटका कुणाला द्यायचा नाही’ हे त्यांनी आपण होऊन ठरवलं. मोठ्यांनी आणून दिलेल्या पिशव्यांतच ते फाटके होते.

खरी कमाई हा आमच्याकडचा जुना उपक्रम. मुलांनी काहीतरी काम करून चार पैसे मिळवायचे. आम्ही बहुतेक भडंगाच्या पुड्या करतो. कागदाचा कोन वळायचा, वाटीनं मापून भरायचं, दहा रुपयाला विकायचं आणि हिशोब लिहायचा. पहिल्या वर्षी काय झालं, प्रत्येक आईनं आपल्याच पोराच्या सगळ्या पुड्या घेऊन टाकल्या. दहा मिनिटांत माल संपला, मुलं हिरमुसली. तेव्हापासून नियम केला की आपल्या मुलाकडून आपण घ्यायचं नाही. आता मुलाला अनोळखी माणसासमोर उभं राहून ‘काका, भडंग घ्या’ म्हणावं लागतं. तुमच्या मुलासारखी गप्प मुलं इथं फार वेळ घेतात. घेऊ द्या. एक मुलगा तासभर पुडी हातात धरून नुसता उभा होता, तोंडातून शब्द नाही. शेवटी एका मावशींनीच विचारलं, ‘केवढ्याला रं?’ तो म्हणाला, ‘दहा.’ त्या तासाभरात त्याची एकच पुडी खपली. घरी जाऊन तो काय बोलला माहीत नाही, पण पुढच्या शनिवारी पहिला आला होता.

गप्प मुलांबद्दल आणखी एक. त्यांना पुढं ओढून ‘बोल, बोल’ करू नये. त्यांना एखादी वस्तू सांभाळायला द्यावी. दोरीची पिशवी, शिट्टी, पाण्याची कळशी. वस्तूच्या निमित्तानं बाकीची मुलं त्याच्याकडं येतात, त्याला कुणाकडं जावं लागत नाही. तुमच्या कब मास्टरांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. गप्प मूल म्हणजे हट्टी मूल असा समज शिक्षकांचाही होतो.

आता सुरक्षिततेचं. इथं मी माझीच चूक सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी २४ मुलांना घेऊन रंकाळ्याच्या पदपथावरून चालत निघाले होते. सोबत आणखी एक शिक्षिका. निघताना मोजली, २४. पोचल्यावर मोजली, २३. माझ्या पायातलं बळ गेलं. अकरा मिनिटांनी तो सापडला. मागं एकजण गळ टाकून बसला होता, त्याच्या शेजारी मांडी घालून मासा लागायची वाट बघत हा बसला होता. पाण्यापासून दोन हातांवर. त्याला आपण हरवलोय हे माहीतसुद्धा नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले आणि आईवडिलांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं होतं.

त्या दिवसापासून मी एकटी मुलं मोजत नाही, मुलंच एकमेकांना मोजतात. प्रत्येकाला आपल्या पुढचा कोण आणि मागचा कोण हे पाठ असतं. थांबलो की सिक्सर आपल्या गटाचा आकडा ओरडतो: सहा, सहा, पाच, सहा. पाच आलं की पाऊल हलत नाही. आणि हे सुरुवातीला आणि शेवटी नाही, प्रत्येक थांब्यावर. बाहेर जाताना सहा मुलांमागं एक मोठं माणूस, सगळ्यात मागं चालणारं एक वेगळं, आणि पाणी असेल तिथं पाणी आणि मुलं यांच्या मध्ये मोठी माणसं. हे माझे नियम; तुमच्या शाळेचे काय आहेत ते विचारा, आणि ‘अहो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर पाठवू नका.

आणखी चार गोष्टी विचारायला लाजू नका. कुठलाही मोठा माणूस, शिक्षक असो की पालक, मुलासोबत बंद खोलीत एकटा असतो का? नसावा, कधीच. मुलींच्या पथकासोबत बाई आहेत का? लेखी परवानगी घेतात का, मुलाची ॲलर्जी आणि औषधं लिहून घेतात का? फोटो कुठं टाकतात? आपल्या मुलाच्या फोटोत दुसऱ्याची मुलं असतील तर तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायचा नाही, हे मी पालकांना पहिल्या सभेतच सांगते. घरी मुलाकडून १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या, सोबत तुमचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता. पत्ता सांगता येणं हे आमच्याकडंही शिकवतातच. रात्रीच्या मुक्कामाबद्दल विचाराल, तर दुसरीतल्या मुलांना मी तंबूत नेत नाही. दिवसाची सहल पुष्कळ झाली. शेकोटी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर करता येते, आणि आठ वाजता घरी जाऊन झोपता येतं.

आणि एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणायला शिका. पाहुण्यांच्या स्वागताला लहान मुलांना उभं करणं. एका कार्यक्रमात आमच्या कबना दोन्ही बाजूंनी रांगेत उभं केलं होतं. पाहुणे तासभर उशिरा आले. एप्रिलचं ऊन. एक मुलगा जागच्या जागी कोसळला. सावलीत नेलं, पाणी पाजलं, तो सावरला, पण मी तेव्हा आयोजकांना अडवलं नाही ही टोचणी अजून जात नाही. त्यानंतर मी असं बोलावणं घेतलेलं नाही. तुमच्या शाळेकडून असा निरोप आला तर पालक म्हणून बोला. शिक्षकांना नाही म्हणणं जड जातं, पालकांचा आवाज आला की त्यांनाही बळ येतं.

आता तुमचं. ‘मला काही येत नाही’ हे वाक्य मी काढून टाका म्हणेन. गाठी, झेंडा, सॅल्यूट हे कब मास्टरचं काम, त्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. आधी बेसिक, मग ॲडव्हान्स, आणि पुढं हिमालय वुड बॅज. तुम्हाला पुढं मन रमलं तर तुम्हीही तो रस्ता धरू शकता. स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात चौकशी केली की बेसिकच्या तारखा कळतात. मध्य प्रदेशात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं जाऊन आलेल्या बायका वर्षानुवर्षं त्याच्या आठवणी काढतात. पण हे सगळं नंतर. पालक म्हणून पहिल्या वर्षी लागतं ते वेगळंच.

लागतं ते म्हणजे हात मागं ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण फार अवघड आहे, आईला तर फारच. मुलाची नाडी सुटलेली दिसते आणि आपण वाकतो. डबा उघडत नाही, आपण उघडतो. दोन मुलं भांडतात, आपण निवाडा देतो. मदतनीस म्हणून आलात की मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. वीस होईपर्यंत बहुतेक वेळा शेजारचं मूल मदतीला आलेलं असतं. नाही आलं तर विचारायचं, ‘तुझ्या सिक्समध्ये नाडी कुणाला बांधता येते?’ आपण बांधायची नाही. जिथं इजा होईल तिथं मात्र मोजत बसायचं नाही, झडप घालायची. हा फरक दोन-तीन शनिवारांत अंगात मुरतो.

दुसरं, स्वतःच्या मुलाच्या सिक्सबरोबर उभं राहू नका. तुमचा मुलगा तुमच्या मागं लपतो असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असाल तर लपायला तो जोडीदाराच्या मागं जाईल, आणि तिथून ओळख होते. पहिल्या दिवशी तो तुमच्याकडं बघत राहील. हसून हात करा आणि आपल्या कामाला लागा.

आणि तुम्हाला जे येतं ते घेऊन या. माझ्या पथकात शिरोलीच्या कारखान्यातले एक टर्नर वडील येतात. ते एकदा पिशवीभर नट-बोल्ट घेऊन आले. डोळ्यांवर ओढणी बांधून कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो ते बोटांनी शोधायचं. दुसऱ्या दिवशी मुलं मला विचारत होती, ‘बाई, ते नटवाले काका परत कधी येणार?’ एका आजोबांनी कोल्हापुरी चप्पल शिवताना चामड्याचा दोरा कसा ओवतात ते दाखवलं. त्यांना शिकवायचं वगैरे काही माहीत नव्हतं, ते नुसते मुलांच्या मध्ये बसून आपलं काम करत राहिले, आणि त्याहून चांगला तास मी घेतलेला नाही. तुमचं दुकान आहे म्हणता. कसलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण वजन-माप, सुट्टे पैसे, पुडी बांधणं यातलं काहीही मुलांना सोन्यासारखं आहे. पुडीचा दोरा तोडताना दुकानदार बोटाला जो वेढा देतात तो मुलांना दाखवा, आठवडाभर ती घरी तेच करतील.

वेळेचं म्हणाल तर दर शनिवारी या असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हटलं तर मानू नका. महिन्यातून एक शनिवार, पण ठरलेला. मुलं वाट बघतात, आणि येतो म्हणून न येणारं माणूस त्यांना फार लागतं. दोन-तीन पालकांनी मिळून पाळी लावून घ्या. सहलीच्या दिवशी एक जास्तीचं माणूस हे कुठल्याही देणगीपेक्षा मोठं असतं. दुपारी दुकान सोडता येत नसेल तर घरबसल्या दोऱ्या कापून टोकांना दोरा गुंडाळून देणं, परवानगीची पत्रं गोळा करणं, प्रथमोपचाराची पेटी बघणं, हेही कुणीतरी करावंच लागतं. पेटीत पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, ओआरएस आणि एक चिमटा असावा; चिमटा नेहमी विसरतात आणि काटा तर प्रत्येक सहलीत कुणाला तरी मोडतोच.

खर्च गणवेशाचा, नोंदणीचा आणि सहलीच्या गाडीचा. कशाचे किती ते शाळेनं लेखी द्यावं आणि पावती मिळावी. गणवेश एक माप मोठा घ्या. वरच्या वर्गातल्या मुलाचा लहान झालेला मिळाला तर तोच घ्या. आमच्याकडं निम्मी मुलं वापरलेलेच घालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मुलाला दिवाळीपर्यंत पाठवा. पहिले तीन-चार शनिवार तो काहीच सांगणार नाही, ‘काय केलंस?’ विचारलं तर ‘काय नाही’ म्हणेल. त्याऐवजी घरात एक दोरी ठेवा आणि तुम्हाला रीफ नॉट शिकवायला सांगा. तुमची चुकली तर चुकू द्या, त्याला दुरुस्त करू द्या. दिवाळीनंतरही शनिवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, तर बळजबरी करू नका. कब मास्टरांशी बोला, वर्षभर थांबवा. वयाच्या दहापर्यंत दार उघडं असतं, आणि तिसरीत आलेली मुलं मी पुष्कळ बघितलीत. तो थांबला तरी तुमचा ठरलेला शनिवार चालू ठेवता आला तर बघा. बाकीच्या तेवीस मुलांनाही मागं उभं राहणारं कुणीतरी हवंच असतं.